आंदणाची राणी आणि खोटी साक्ष

मुंबईची बेटे इंग्रजांच्या हाती कशी गेली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पोर्तुगालची राजकन्या, ब्रगांझा घराण्यातील कॅथरीन, हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला; १६६१ च्या तहात मुंबई आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर ही ठिकाणे आंदण म्हणून देऊ केली गेली; १६६५ साली मुंबईचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकली. आपली वसई मात्र १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली. एवढे सांगून पुस्तके कॅथरीनचा निरोप घेतात. त्या आंदणाबरोबर तेवीस वर्षांची जी मुलगी परमुलखात गेली, तिचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

तिचे पुढे असे झाले की, १६७८ च्या नोव्हेंबर महिन्यात एका माणसाने कॉमन्स सभेपुढे उभे राहून इंग्लंडच्या राणीवर राजद्रोहाचा आरोप केला. आपल्या पतीला विष घालण्याच्या कटाला तिने संमती दिली, असे त्याचे म्हणणे होते. आरोप धादांत खोटा होता. राणी वाचली. परंतु ज्या कपोलकल्पित कटाच्या नावाने तिच्यावर बोट रोखले गेले, त्याच कटाच्या नावाने त्या तीन वर्षांत धर्मगुरू, उमराव, वकील आणि साधे नोकरचाकर वधस्तंभाकडे नेले गेले. इतिहासात हे प्रकरण ‘पोपपक्षीयांचा कट’ या नावाने ओळखले जाते. नाव तसेच राहिले. कट मात्र कधी अस्तित्वातच नव्हता.

खोट्या बीजाला रुजायला आधी नांगरलेली जमीन लागते. इंग्लंडात ती तयार होती. १६०५ साली काही कॅथलिक तरुणांनी पार्लमेंटखाली खरोखरच दारूगोळा भरला होता, त्याची आठवण दरवर्षी ५ नोव्हेंबरला होळ्या पेटवून जागती ठेवली जाई. १६६६ साली लंडन शहर जळाले. आग एका भटारखान्यातून लागली होती. पण ती कॅथलिकांनी लावली, हीच गोष्ट लोकांना पटली. रूआँ गावाच्या एका घड्याळजीचा मुलगा, रॉबर्ट ह्यूबर्ट, याने आपण आग लावल्याचे कबूल केले आणि त्याला फाशी दिले गेले. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो इंग्लंडच्या भूमीवर उतरला होता, हे मागाहून कळले. त्याने कबुली का दिली, हे कोणाला उलगडले नाही. तो मनाने दुबळा होता एवढेच म्हणता येते. त्यात भर म्हणजे राजाला राणीपासून मूल नव्हते आणि गादीचा वारस, राजाचा भाऊ जेम्स, कॅथलिक झाला होता. उद्याचा राजा ‘पोपचा माणूस’ असणार, या भीतीने देश आतून धुमसत होता.

अशा वेळी टायटस ओट्स अवतरला. १६४९ चा त्याचा जन्म. केंब्रिजमध्ये शिकूनही पदवी मिळवू न शकलेला. अँग्लिकन पंथाचा पाळक म्हणून त्याला नेमले गेले. १६७५ च्या सुमारास हेस्टिंग्ज गावात त्याने एका शाळामास्तरावर अत्यंत घाणेरडा आरोप केला. तो खोटा ठरला आणि शपथेवर खोटे बोलल्याबद्दल आता आपल्यावरच खटला होणार असे दिसताच स्वारी एका लढाऊ जहाजावर पाळक होऊन निसटली. तेथूनही त्याला काढण्यात आले. १६७७ च्या राखेच्या बुधवारी त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. स्पेनमधील व्हॅल्लादोलिदच्या इंग्रज गुरुविद्यालयात तो पाच महिने टिकला. नंतर सेंट ओमेर येथील येशूसंघीयांच्या शाळेत अठ्ठावीस वर्षांचा हा गृहस्थ पोरांच्या बाकावर बसला. १६७८ च्या जूनमध्ये त्यांनीही त्याला घालवून दिले. माणूस ओळखण्यात आपले वडीलधारे थोडे आधी जागे झाले असते तर, असे वाटून जाते. पण दारी आलेल्याला परत पाठवू नये हीच त्यांची शिकवण होती.

लंडनला परतल्यावर त्याने इझ्रायल टाँग नावाच्या एका कॅथलिकद्वेषाने पछाडलेल्या पाळकाच्या साहाय्याने एक लांबलचक कथा लिहून काढली. २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनच्या एका खानावळीत येशूसंघीयांची सभा भरली, राजाला गोळी घालावी, सुरा भोसकावा किंवा विष द्यावे असे तेथे ठरले, आणि आपण स्वतः तेथे हजर होतो, असे त्यात होते. खोट्यात खऱ्याचा एक कण मिसळलेला असावा लागतो. त्या दिवशी येशूसंघीयांची सभा लंडनमध्ये खरेच भरली होती. मात्र ती संघाच्या नित्य कारभाराची होती आणि खानावळीत नव्हे, तर राजाच्या भावाच्या, जेम्सच्या, राजवाड्यात झाली होती. हे सत्य उच्चारावे तर जेम्स संकटात सापडणार, म्हणून आरोपींच्या तोंडाला कुलूप होते. आणि ओट्स? तो त्या दिवशी सेंट ओमेरच्या भोजनगृहात विद्यार्थ्यांसमवेत जेवत होता.

राजाचा प्रथमपासूनच विश्वास बसला नव्हता. सप्टेंबरच्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलपुढे ओट्स आला तेव्हा चार्ल्सने त्याला साधेच प्रश्न विचारले. स्पेनच्या डॉन जॉनला भेटलास म्हणतोस, तर तो दिसतो कसा? ओट्स म्हणाला, उंच, सडपातळ, काळसर. राजाने डॉन जॉनला प्रत्यक्ष पाहिले होते; तो ठेंगणा आणि गोरा होता. राजाने ओट्सला तेथल्या तेथे खोट्यात पकडले आणि तो घोड्यांच्या शर्यतींसाठी न्यूमार्केटला निघून गेला. मंत्र्यांनी मात्र अटकसत्र सुरू केले. योर्कच्या डचेसचा चिटणीस एडवर्ड कोलमन याच्या घरात फ्रान्सच्या राजाच्या पापनिवेदक धर्मगुरूला लिहिलेली जुनी पत्रे सापडली. त्यांत पैशाची याचना आणि कॅथलिक धर्माच्या उत्कर्षाची भाबडी स्वप्ने होती, वधाचा विचार नव्हता. पण एक गोष्ट खरी निघाली म्हणताच साऱ्या गोष्टी खऱ्या ठरल्या. ३ डिसेंबरला कोलमनचा वध झाला.

त्यापूर्वीच एक विलक्षण घटना घडली होती. ओट्सची शपथपूर्वक जबानी ज्यांनी नोंदवली होती, ते न्यायदंडाधिकारी सर एडमंड बेरी गॉडफ्री १२ ऑक्टोबरला घरून निघाले ते परतले नाहीत. १७ तारखेला प्रिमरोझ टेकडीजवळच्या चरात त्यांचे शव सापडले. स्वतःचीच तलवार शरीरात आरपार, आणि गळ्याभोवती आवळल्याचे वळ. खिशातले पैसे जागच्या जागी होते. हा मृत्यू कसा घडला, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. लंडनच्या लोकांना मात्र एका क्षणात झाला. कॅथलिकांना शहरापासून दहा मैलांच्या पलीकडे जाण्याचा हुकूम सुटला. ओट्सला राजवाड्यात राहायला जागा, रक्षक आणि आठवड्याला बारा पौंड तनखा मिळाला. त्याच हिवाळ्यात पार्लमेंटने कायदा करून कॅथलिकांना दोन्ही सभागृहांतून बाहेर काढले. ओट्स मेला, त्याची हाडे मातीत मिळाली, पण हा कायदा १८२९ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षे टिकला.

आता माइल्स प्रान्सची हकिकत सांगितली पाहिजे. या साऱ्या प्रकरणात माझे मन सर्वांत जास्त अडकते ते याच माणसापाशी. प्रान्स हा चांदीची भांडी घडविणारा कॅथलिक सोनार. राणीच्या प्रार्थनामंदिरातील चांदीचे कामही त्याच्याकडे असे. २१ डिसेंबर १६७८ रोजी त्याला पकडण्यात आले आणि विल्यम बेडलो नावाच्या एका सराईत ठकाने, गॉडफ्रीच्या प्रेतापाशी मी याला पाहिले होते, असे सांगून टाकले. प्रान्सला न्यूगेटच्या तुरुंगातील अंधारकोठडीत साखळदंडांनी जखडून टाकले. भर हिवाळा, अंगाखाली दगडी फरशी. दोन-तीन दिवसांतच तो ‘कबूल’ झाला. राणीच्या सॉमरसेट हाऊस या निवासस्थानातील तीन माणसांची नावे त्याने घेतली: प्रार्थनामंदिरात उशा-गाद्या मांडणारा रॉबर्ट ग्रीन, दरवान हेन्री बेरी, आणि राणीच्या एका धर्मगुरूंचा नोकर लॉरेन्स हिल.

पुढे जे घडले ते वाचताना पाणी गोठते. महिना संपण्यापूर्वीच प्रान्सने राजासमोर गुडघे टेकून सांगितले की आपण सर्व खोटे बोललो. ते तिघे निरपराध आहेत. त्याला परत त्याच कोठडीत नेले. त्याने पुन्हा सांगितले, नाही, पहिलेच खरे. मग परत नाकारले. थंडीने आणि भीतीने तो मरणाच्या दारी गेला, भ्रमिष्टासारखा बोलू लागला. आणि जानेवारीत शेवटी पहिल्या कबुलीवर स्थिर झाला. त्यानंतर त्याला उबदार खोली मिळाली.

शरीराचा छळ आपल्याला कळतो. त्यापेक्षा खोल असे काही या कोठडीत घडले होते. ‘मी हे केले नाही’ या वाक्याला ऐकणारा कोणीच उरला नाही, म्हणजे ते वाक्य हळूहळू बोलणाऱ्यालाही परके होऊ लागते. खोट्या आरोपाखाली दबलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. धर्मग्रामात एखादे निनावी पत्र फिरते, आणि ज्याच्याविषयी ते असते तो माणूस आठवड्याभरात मान खाली घालून चालू लागतो. त्याने काही केलेले नसते. तरी तो मागची पाने चाळत बसतो: त्या दिवशी मी कोठे होतो, कोणाशी काय बोललो, माझ्या कुठल्या वागण्याचा असा अर्थ निघाला? तो मिस्साला मागच्या बाकावर बसू लागतो. लोक म्हणतात, पाहा, अपराधी दिसतो. सतत संशय घेतला जाणारा माणूस संशयास्पद वागू लागतो, ही मनाची रीतच आहे. प्रान्सच्या बाबतीत याहून पुढची पायरी गाठली गेली. त्याचा स्वतःचा शब्दच त्याच्याकडून हिरावून घेऊन त्या जागी दुसऱ्याचा शब्द ठेवला गेला. ज्याच्यावर खोटे लादले गेले तोच खोट्याचे हत्यार बनला.

१० फेब्रुवारी १६७९ रोजी त्या तिघांचा खटला झाला. हिलच्या पत्नीने भर न्यायालयात ओरडून सांगितले की प्रान्सला हे सारे खोटे असल्याचे ठाऊक आहे, त्याने ते नाकारले होते, त्याला छळून वदवून घेतले आहे. तिच्या बोलण्याची नोंद झाली, परिणाम काही झाला नाही. तिघेही फासावर गेले. त्यांतला बेरी तर प्रोटेस्टंट होता. ते कळल्यावर त्याला फक्त आठवड्याची मुदत अधिक मिळाली.

राणीवरचा आरोप या सगळ्याच्या मध्यावर आला. ओट्सने सांगितले की सॉमरसेट हाऊसमध्ये अर्धवट उघड्या दारामागून त्याने राणीला कटाला होकार देताना ऐकले. चार्ल्स हा पती म्हणून काही आदर्श नव्हता; राणीने त्याच्या अंगवस्त्रांपायी पुष्कळ सोसले होते. आणि त्या दिवसांत निपुत्रिक राणीपासून सुटका करून घेण्याची आयती संधी त्याच्यापुढे चालून आली होती. त्याने ती घेतली नाही. त्याने ओट्सला विचारले: ती खोली कशी होती, कोणते दार, कोठून आत गेलास? ओट्सला त्या वास्तूचे वर्णन करता येईना. निरपराध स्त्रीचा बळी आपण जाऊ देणार नाही, असे राजाने स्पष्ट सांगितले. कॉमन्स सभेने राणीला दरबारातून हलवण्याची मागणी केली. उमरावसभेने ती मानली नाही.

आपल्या बायबलमधील दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय येथे आठवल्यावाचून राहत नाही. सुसान्नावर दोन वडीलधाऱ्यांनी व्यभिचाराचा आळ घेतला. तरुण दानिएलने त्यांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला, कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली. प्रोटेस्टंट बांधव हा अध्याय बायबलच्या मुख्य भागात धरीत नाहीत. पण चार्ल्सने ओट्सला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. असा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही. ऐकणाऱ्याला सत्य हवे असावे लागते, एवढेच.

राणीसाठी प्रश्न विचारणारा राजा होता. इतरांसाठी कोण होते? त्या काळचा इंग्रजी कायदा समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. राजद्रोहाचा आरोप असलेल्याला वकील देता येत नसे. आरोपपत्राची प्रत त्याला मिळत नसे; न्यायालयात वाचून दाखवतील तेवढेच त्याने ऐकायचे आणि तेथल्या तेथे उत्तर द्यायचे. सरकारचे साक्षीदार शपथेवर बोलत, आरोपीचे साक्षीदार शपथेविना. म्हणजे ज्युरीच्या तराजूत एका पारड्यात शपथेचे शब्द आणि दुसऱ्यात नुसते शब्द. न्यायाधीश आरोपीचा वाली असतो, असे तत्त्व सांगितले जाई. सरन्यायाधीश सर विल्यम स्क्रॉग्ज हे कसले वाली होते, ते जून १६७९ मध्ये दिसले.

१३ जूनला येशूसंघाचे प्रांताधिकारी फादर थॉमस व्हिटब्रेड आणि त्यांचे चार सोबती, फादर हारकोर्ट, फेन्विक, गॅव्हन आणि टर्नर, न्यायालयात उभे केले गेले. सेंट ओमेरहून सोळा साक्षीदार समुद्र ओलांडून आले होते, बहुतेक विद्यार्थीच. ओट्स एप्रिलमध्ये आमच्याबरोबर होता, आम्ही त्याला रोज पाहत होतो, असे त्यांनी एकामागून एक सांगितले. तो वेगळ्या मेजावर एकटा जेवत असे, म्हणून तो नजरेत भरे, हेही सांगितले. याहून चांगला पुरावा कोणता असू शकतो? परंतु ही मुले कॅथलिक आहेत, धर्मासाठी खोटे बोलायला त्यांना शिकवलेले असते, असे न्यायाधीशांनी ज्युरीला समजावले. ज्युरीने पाचही जणांना दोषी ठरवले.

खोट्या आरोपाचे खरे विष येथे उघडे पडते. आरोप एका माणसावर होत नाही. तो त्याच्या साऱ्या समाजाच्या शब्दावर होतो. एकदा ‘तुमचे लोक खोटे बोलतात’ हे गृहीत धरले की मग साक्षीदार सोळा आणा की सोळाशे, प्रत्येक नवा साक्षीदार कटाचाच नवा पुरावा ठरतो. वधस्तंभावरून मरता मरता माणूस निर्दोष असल्याचे सांगतो, तर म्हणतात, त्याला पोपने खोटे बोलायची सूट दिली आहे. या विहिरीला वर चढायला पायऱ्याच नसतात.

२० जूनला टायबर्नच्या वधस्थानी त्या पाच जणांच्या गळ्यात दोर पडलेले असताना एक घोडेस्वार राजाचे क्षमापत्र घेऊन दौडत आला, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. अट एकच होती: कट झाल्याचे कबूल करा. पाचही जणांनी राजाचे आभार मानले आणि जे घडलेच नाही ते कबूल करायला नकार दिला. प्रान्सला कोठडीने ज्या वाक्यापर्यंत आणले, तेच वाक्य या पाचांकडून प्राण देऊ करूनही मिळाले नाही. मी हे प्रान्सला दोष द्यायला लिहीत नाही. त्या फरशीवर आपण किती रात्री काढल्या असत्या, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

पुढच्याच महिन्यात वारा थोडा फिरला. १८ जुलैला राणीचे वैद्य सर जॉर्ज वेकमन आणि तीन बेनेडिक्टाईन संन्यासी यांचा खटला उभा राहिला. राजाला विष देण्यासाठी वेकमन यांनी पंधरा हजार पौंड ठरवून घेतले, असा ओट्सचा दावा होता. वेकमन दोषी ठरले असते तर पुढची पायरी राणीच होती. हे सर्वांना कळत होते, न्यायाधीशांनाही. कौन्सिलच्या चिटणिसाने साक्ष दिली की सप्टेंबरात ओट्सला वेकमनविषयी स्पष्ट विचारले होते आणि त्याने, आणखी काही ठाऊक नाही, असे उत्तर दिले होते. ओट्स म्हणाला, दोन रात्रींच्या जागरणाने मी थकलो होतो. स्क्रॉग्जने प्रथमच ओट्सला धारेवर धरले. चौघेही सुटले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालचा राजदूत सरन्यायाधीशांचे आभार मानायला गेला. तो बिचारा शिष्टाचार पाळत होता; लंडनभर मात्र बोलवा झाली की पोर्तुगीज सोन्याने न्याय विकत घेतला. आतापर्यंत निरपराधांना फासावर पाठवणाऱ्या न्यायाधीशावर कोणी लाच घेतल्याचा आळ घेतला नव्हता. निरपराधांना सोडल्यावर तो घेतला गेला.

जेथे कट सिद्ध करता येईना तेथे जुने शस्त्र बाहेर काढले गेले. परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात पाऊल टाकणे हाच राजद्रोह, असा १५८५ चा कायदा होता. त्यानुसार त्या उन्हाळ्यात वेल्समध्ये, यॉर्कला, वूस्टरला, हेरफर्डला धर्मगुरूंना देहान्त दिला गेला. हेरफर्डचे संत जॉन केंबल ऐंशी वर्षांचे होते. वधापूर्वी त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याबरोबर शांतपणे एक चिलीम ओढली. त्या परगण्यात शेवटच्या चिलमीला पुढे कित्येक वर्षे ‘केंबलची चिलीम’ म्हणत.

आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप संत ऑलिव्हर प्लंकेट यांची कथा अधिक कडू आहे, कारण तिच्यातले साक्षीदार घरचेच होते. डिसेंबर १६७९ मध्ये त्यांना अटक झाली. फ्रेंच सैन्य आयर्लंडात उतरवण्याचा कट, असा आरोप. साक्ष देणाऱ्यांत त्यांच्याच शिस्तीच्या कारवाईने दुखावलेले संन्यासी होते. डंडॉकला खटला चालवायचा ठरला, तेथील ज्युरी सर्व प्रोटेस्टंट. तरी साक्षीदार फिरकले नाहीत, कारण तेथील प्रोटेस्टंटही या माणसांना पुरते ओळखून होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जेथे माणसे एकमेकांना ओळखतात तेथे खोटे सहज चालत नाही. म्हणून खटला लंडनला नेला गेला, जेथे आर्चबिशपांना ओळखणारे कोणी नव्हते. तेथील पहिल्या ज्युरीनेही आरोपपत्र परत पाठवले. दुसऱ्या खेपेस, ८ जून १६८१ रोजी, खटला उभा राहिला. आयर्लंडहून त्यांचे साक्षीदार आणि कागदपत्रे अद्याप पोहोचली नव्हती. त्यांनी आणखी थोडे दिवस मागितले, ते नाकारण्यात आले. ज्युरीने पाव तास घेतला. ‘दोषी’ हा शब्द ऐकून प्लंकेट लॅटिनमध्ये म्हणाले, देवाचे आभार. आयर्लंडचे माजी राज्यपाल अर्ल ऑफ एसेक्स यांनी राजाकडे धाव घेतली, हे सर्व खोटे आहे हे मला ठाऊक आहे म्हणून. राजा संतापला: ठाऊक होते तर खटल्याच्या वेळी का बोलला नाहीत? आता मला क्षमा करण्याचे धैर्य नाही; त्यांचे रक्त तुमच्या माथी. दोघांनाही सत्य ठाऊक होते. १ जुलैला आर्चबिशपांचा वध झाला.

त्याआधी, डिसेंबर १६८० मध्ये, वृद्ध उमराव विल्यम हॉवर्ड, व्हायकाउंट स्टॅफर्ड, यांना उमरावसभेने ५५ विरुद्ध ३१ मतांनी दोषी ठरवले होते. त्यांच्याच हॉवर्ड कुळातील बहुतेकांनी विरुद्ध मत दिले. आप्तांना आपण त्या संशयिताच्या बाजूचे नाही हे दाखवावे लागते. भीतीच्या दिवसांत नाते सर्वांत आधी तुटते.

खोट्या साक्षीदारांना धर्म नसतो, हे लवकरच दिसून आले. स्टॅफर्ड यांच्याविरुद्ध साक्ष देणारे डगडेल आणि टर्बरव्हिल १६८१ च्या ऑगस्टमध्ये सरकारपक्षाकडून स्टीफन कॉलेज नावाच्या कट्टर प्रोटेस्टंट सुताराविरुद्ध उभे राहिले आणि त्याला त्यांनी फासावर पोहोचवले. दोन वर्षांनी, कॅथलिकांच्या मागे लागलेल्या व्हिग पक्षाच्या पुढाऱ्यांवरच राजद्रोहाचे खटले झाले. तो एसेक्स तर लंडनच्या बंदिवासात गळा कापलेल्या अवस्थेत आढळला. तेव्हा कोठे त्या पक्षाला कळले की आरोपीला वकील असायला हवा. १६९६ च्या कायद्याने राजद्रोहाच्या आरोपीला वकील, आरोपपत्राची प्रत आणि शपथेवर बोलणारे साक्षीदार मिळाले. चोरी-खुनाच्या साध्या आरोपीला वकिलाकरवी पूर्ण बचाव मांडण्याचा हक्क मिळायला १८३६ साल उजाडले. कायदे सुधारतात ते बहुधा निरपराधांच्या रक्ताने नव्हे, सत्ताधाऱ्यांना स्वतःच्या मानेभोवती दोर जाणवतो तेव्हा, असे माझे तरी मत झाले आहे.

१६८५ साली जेम्स गादीवर आल्यावर ओट्सवर खटला झाला. सेंट ओमेरचे साक्षीदार पुन्हा आले. या वेळी त्यांचे ऐकले गेले. पण शपथेवर खोटे बोलण्याच्या गुन्ह्याला इंग्रजी कायद्यात देहान्त नव्हता. म्हणून खोड्यात अडकवून चौकात उभे करणे, आल्डगेटपासून न्यूगेटपर्यंत आणि एक दिवस सोडून न्यूगेटपासून टायबर्नपर्यंत चाबकाचे फटके, आणि जन्मठेप, अशी शिक्षा झाली. तो त्यातूनही जगला. राज्यक्रांती झाल्यावर १६८९ मध्ये सुटला आणि नव्या राजाकडून त्याला तनखाही मिळाला. ज्या अमानुष आणि अघटित शिक्षांना १६८९ च्या इंग्रजी हक्कनाम्याने बंदी केली, त्यांच्या चर्चेत ओट्सला झालेल्या फटक्यांचा उल्लेख होत राहिला. ज्याने इतरांना कसलाच हक्क मिळू दिला नाही त्याच्या पाठीवरून एक हक्क जन्माला यावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय आहे.

ओट्सची हकिकत ज्या इतिहासकाराने विस्ताराने लिहिली, तो मॅकॉले आपल्याला वेगळ्या कारणाने परिचित आहे. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा त्याच्या आयोगाने १८३७ साली तयार केला. १८६० साली संमत झालेल्या त्या संहितेच्या १९४ व्या कलमात असे होते की, खोट्या साक्षीने निरपराध माणसाला देहान्त झाला, तर साक्ष देणाऱ्यालाही देहान्त देता येईल. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २३० व्या कलमात ही तरतूद कायम आहे. अनुवादाच्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय पाहावा: खोट्या साक्षीदाराने भावावर जे आणू पाहिले तेच त्याच्यावर आणावे, असा मोशेचा नियम आहे. देहान्ताविषयी ख्रिस्तसभेची आजची शिकवण वेगळी आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. पण खोटी साक्ष हा केवळ जिभेचा दोष नव्हे, तो हातांनी केलेल्या वधासारखा आहे, हे त्या जुन्या नियमाने ओळखले होते आणि ओट्सच्या काळच्या इंग्रजी कायद्याने ओळखले नव्हते.

१६८६ साली माइल्स प्रान्सने न्यायालयात गुन्हा कबूल केला, की त्या तिघांविरुद्धची आपली साक्ष खोटी होती. या वेळी त्याला कोणी कोठडीत टाकले नव्हते. त्याचे फटके माफ झाले. ग्रीन, हिल आणि बेरी यांना जाऊन सात वर्षे झाली होती.

राणी कॅथरीन १६९२ साली इंग्लंड सोडून मायदेशी परतली. भावाच्या आजारपणात तिने पोर्तुगालचा राज्यकारभार पाहिला आणि १७०५ च्या ३१ डिसेंबरला लिस्बन येथे ती वारली. ओट्स त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनला मेला होता. स्टॅफर्ड यांच्या वंशजांवरील राजद्रोहाचा कलंक पार्लमेंटने १८२४ साली पुसला. त्यांचे शिर उडवल्याला तेव्हा १४४ वर्षे होऊन गेली होती. संत प्लंकेट यांना १९७५ साली संतपद मिळाले. आणि लंडनच्या आगीचे स्मारक म्हणून उभारलेल्या उंच स्तंभावर, ही आग पोपपक्षीयांच्या दुष्टाव्याने लागली, अशा अर्थाचा जो मजकूर १६८१ साली, या कटाच्या धुमाळीतच, कोरला गेला होता, तो जेम्सच्या कारकिर्दीत पुसला गेला, पुढच्या राजाच्या काळात पुन्हा कोरला गेला, आणि अखेर १८३० साली छिन्नीने खरवडून काढण्यात आला.